मातीच्या नोंदींवरून भूपृष्ठाचा नकाशा

आमच्या भूगोलाच्या वर्गात दोन नकाशे शेजारी-शेजारी टांगलेले आहेत. पहिला भूस्तरशास्त्राचा आहे. त्यात आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, जवळजवळ एकाच रंगाने भरून टाकलेला दिसतो. कारण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण येथे सर्वत्र पायाखाली आहे. नद्यांच्या काठच्या गाळाच्या पट्ट्या दाखविण्यास त्या लहान प्रमाणाच्या नकाशात जागाच उरलेली नाही. दुसरा नकाशा मातीचा. त्यात रंगांची इतकी दाटी आहे की, मागच्या बाकावरील मुलांस तो एखाद्या गोधडीसारखा दिसतो.

मागील वर्षी प्रवराकाठच्या एका गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, पहिल्या नकाशाप्रमाणे आमच्या विहिरीत काळा खडक लागावयास हवा होता. पण चाळीस फूट खणले तरी पिवळी माती, चुनखडीचे खडे आणि शेवटी गोटेच निघाले. मग नकाशा खोटा आहे का?"

नकाशा खोटा नव्हता. निजलेल्या माणसांची मोजदाद करताना त्यांच्या अंगावरील घोंगड्या कोणी मोजीत नाही, त्याप्रमाणे हा नकाशा करणाऱ्याने खडकावरील पांघरूण सोडून दिले होते. परंतु शेतकऱ्याची विहीर, घराचा पाया, रस्त्याची खडी, सांडपाण्याचा खड्डा या सर्वांचा संबंध पुष्कळदा त्या पांघरुणाशीच येतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याजवळ भूकंप झाला. राजधानी तेथून तीनशे किलोमीटरांहूनही दूर होती. तरी तिच्या ज्या भागाखाली जुन्या सरोवराचा मऊ चिखल होता, तेथील मोठमोठ्या इमारती कोसळल्या, आणि कठीण भूमीवरील पुष्कळशा उभ्या राहिल्या. म्हणून खडकाचा एक, मातीचा एक आणि या दोहोंच्या मध्ये तिसरा, असा नकाशा हवा. त्यास आम्ही भूपृष्ठावरील निक्षेपांचा नकाशा म्हणतो. निक्षेप म्हणजे नदीने, वाऱ्याने, बर्फाने, उतारावरील पाण्याने किंवा मनुष्याने आणून टाकलेला सुटा माल.

हा तिसरा नकाशा मुळापासून करावयाचा तर नाले, विहिरी, रस्त्यांचे कापलेले काठ पाहत अनेक वर्षे पायपीट करावी लागते. पण ती पायपीट निम्म्याहून अधिक आधीच कोणी करून ठेवली असेल तर? मातीची पाहणी करणारे लोक हातात गिरमिट घेऊन शेताशेतांतून फिरलेले असतात. दर खेपेस ते जमिनीस भोक पाडून वरून खालपर्यंत मातीचा रंग, पोत, खडे, चुना, ओल यांची नोंद करतात. त्यांचा हेतू कोठे कोणते पीक येईल हे सांगण्याचा. तथापि त्या नोंदींतून भूस्तरशास्त्रज्ञास आपले काम साधून घेता येते.

हे कसे साधते, याचे मर्म मृदाशास्त्राच्या इतिहासात आहे. रशियातील दोकुचायेव यांनी १८८३ साली तेथील काळ्या मातीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे केवळ झिजलेला खडक नव्हे, ती हवामान, वनस्पती, प्राणी, उंचसखलपणा, काळ आणि मूळ द्रव्य या सर्वांच्या संयोगाने घडलेली स्वतंत्र वस्तू होय, असे त्यांनी दाखविले. पुढे १९४१ साली हान्स जेनी यांनी अमेरिकेत हाच विचार पाच कारणांच्या सूत्राच्या रूपाने मांडला: हवामान, सजीव, उंचसखलपणा, मूळ द्रव्य व काळ.

आता हे सूत्र उलटे वाचून पाहा. एकाच तालुक्यात पाऊस आणि उष्णता जवळजवळ सारखी असते. गवत, झाडे, जीवजंतूही फारसे निराळे नसतात. मग तेथील दोन माती परस्परांहून भिन्न असतील, तर त्या भेदाचे कारण उरलेल्या तिघांत, म्हणजे मूळ द्रव्य, उंचसखलपणा आणि काळ यांत शोधावे लागेल. जमिनीचा उंचसखलपणा समोच्च रेषांच्या नकाशावरून कळतोच. तो बाजूस काढला की मूळ द्रव्य आणि त्याचे वय हाती राहते, आणि भूस्तरशास्त्रज्ञास नेमके तेच हवे असते. बीजगणितात अज्ञात पद एका बाजूस आणून ठेवतात, तशीच ही युक्ती आहे.

या कामी अमेरिकेची सोय मोठी. तेथील शेतकी खात्याने १८९९ साली मातीची पाहणी सुरू केली. आज त्या देशात वीस हजारांहून अधिक मृदामालिका नावानिशी नोंदलेल्या आहेत, आणि २००५ पासून हे नकाशे कोणासही संगणकावर पाहता येतात. मालिकेस बहुधा ती प्रथम जेथे ओळखली गेली त्या गावाचे किंवा नदीचे नाव देतात. प्रत्येक मालिकेच्या वर्णनात ती कोणत्या द्रव्यापासून झाली हे एका वाक्यात सांगितलेले असते. आपल्या सर्व कामाची किल्ली त्या एका वाक्यात आहे.

उदाहरणार्थ इंडियाना राज्याचा मध्यभाग, म्हणजे इंडियानापोलिस शहराच्या आसपासचा प्रदेश घेऊ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हा भाग उत्तरेकडून आलेल्या प्रचंड हिमस्तराखाली होता. बर्फाने वाटेतील दगड, वाळू, चिकणमाती सर्व एकत्र भरडून खाली अंथरले. त्या मिश्रणास तेथे टिल म्हणतात. त्यात मुठीएवढा दगड आणि पिठासारखी माती शेजारी-शेजारी सापडतात, कारण बर्फ पाण्याप्रमाणे माल निवडून ठेवीत नाही. बर्फ वितळू लागल्यावर त्याच्या पाण्याने मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत स्वच्छ धुतलेली वाळू व गोटे पसरले. वाऱ्याने बारीक धूळ उडवून सर्वांवर पातळ थर दिला. त्यास लोएस असे नाव आहे. त्यानंतर आजच्या नद्यांनी आपल्या काठी नवा गाळ टाकला.

त्या भागाचा मातीचा नकाशा उघडला की मायामी, क्रॉस्बी, ब्रुकस्टन, फॉक्स, ऑक्ले, जेनेसी अशी नावे दिसतात. नवशिक्या मनुष्य सहा नावांस सहा रंग देईल. परंतु वर्णने वाचावी. मायामी ही तपकिरी माती उतारावर असते आणि तिच्यातून पाणी चांगले निचरते. क्रॉस्बी जवळजवळ सपाट जागी असते. तिच्यात पाणी काही काळ तुंबते, म्हणून खालच्या थरात करडे डाग पडतात. ब्रुकस्टन खळग्यांत असते. ती काळसर असून वर्षाचा बराच काळ ओली राहते. दिसण्यात तिन्ही निराळ्या, पिकांच्या दृष्टीने तर फारच निराळ्या. पण तिघींच्याही खाली तोच टिल आहे. भेद केवळ जागेच्या उंचीचा आणि पाण्याचा. अशा मालिकेस जॉफ्री मिल्न यांनी १९३५ साली पूर्व आफ्रिकेतील अनुभवावरून साखळी या अर्थाचे लॅटिन नाव दिले. भूपृष्ठाच्या नकाशात या तीन कड्यांची साखळी एकाच रंगात बुडवावयाची आणि त्यांच्यामधील सीमारेषा पुसून टाकावयाच्या. मुलांस रेषा पुसणे फार जिवावर येते, असा आमचा अनुभव आहे. काढलेली रेषा म्हणजे केलेले काम, असे त्यांस वाटते.

फॉक्स आणि ऑक्ले यांची गोष्ट याच्या जवळची आहे. दोन्ही नद्यांच्या बाजूच्या उंच पायऱ्यांवर असतात. फॉक्समध्ये साधारण दोन-तीन फुटांखाली वाळू-गोटे लागतात, ऑक्लेमध्ये ते आणखी खोल असतात. म्हणजे दोहोंचे मूळ एकच: वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने आणलेला निक्षेप. घरे बांधणाऱ्यांस हे रंगवलेले क्षेत्र सोन्यासारखे, कारण खडी-वाळूच्या खाणी येथेच निघतात. जेनेसी मात्र आजच्या नदीच्या पूरमैदानावरची. येथे सूत्रातील काळ हे कारण बोलू लागते. फॉक्सच्या मधल्या थरात हजारो वर्षे वरून झिरपून आलेली चिकणमाती साठलेली असते. जेनेसीत तसा थर बनण्यास वेळच मिळालेला नाही. एकाच खोऱ्यात शेजारी-शेजारी असलेल्या दोन पायऱ्यांपैकी कोणती जुनी आणि कोणती कालची, हे एवढ्यावरून सांगता येते. उत्तर इंडियानातील दलदलींत हॉटन नावाची काळी माती आहे. ती कुजलेल्या वनस्पतींची असून तिच्यावर घराचा पाया घालणे म्हणजे गवताच्या गंजीवर रांजण ठेवणे होय. तिच्यासाठी स्वतंत्र रंग हवाच.

याप्रमाणे नावांचे गट केले, सारख्यांच्या सीमा पुसल्या आणि रंग भरले की नकाशा तयार झालासा वाटतो. येथेच सावध राहावे. पहिली अडचण खोलीची. मातीची पाहणी करणाराचे गिरमिट पूर्वी पाच फुटांपर्यंत जात असे, आता सुमारे दोन मीटरपर्यंत जाते. त्याखाली काय आहे, याविषयी तो काहीच म्हणत नाही. वर दोन फूट लोएस आणि खाली टिल असेल तर नकाशात काय दाखवावे? पातळ थर सोडून द्यावा, किंवा खालच्या रंगावर ठिपके काढून तो सुचवावा. पण कोणता नियम पाळला ते सूचीत स्पष्ट लिहावे. दुसरी अडचण प्रमाणाची. एका मैलास चार इंच, म्हणजे १:१५,८४० या प्रमाणाच्या जुन्या नकाशांत काही एकरांहून लहान तुकडा दाखविता येत नाही. प्रत्येक रंगात शेजारच्या मातीचे थोडेबहुत तुकडे दडलेले असतात. म्हणून असा नकाशा मोठा करून पाहिल्याने अधिक खरा होत नाही. तिसरी अडचण थोडी गमतीची आहे. दोन जिल्ह्यांची पाहणी निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या माणसांनी केलेली असली म्हणजे मातीचे नाव जिल्ह्याच्या हद्दीवर एकाएकी बदलते. बर्फास जिल्ह्याची हद्द ठाऊक नव्हती. नकाशात नाकासारखी सरळ रेषा दिसली की ती निसर्गाची नसून कचेरीची आहे, असे समजावे.

आता आमच्या स्वतःच्या प्रयत्नाकडे वळू. आपल्या देशातही नागपूर येथे मृदा-सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून काम करीत आहे, आणि मातीच्या पाहणीचे अहवाल मिळू शकतात. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या गावापुरता, माळापासून नदीपर्यंतचा सुमारे तीन मैलांचा पट्टा आम्ही निवडला. पाहणीचे तक्ते मिळविले. नववीची आठ मुले आणि आम्ही असे चार रविवार सोडून चार शनिवार हिंडलो. शास्त्रीय नावे बाजूस ठेवून गावाची नावे आधी लिहून घेतली. माळावर बरड व मुरमाड, तिच्याखाली मध्यम काळी, सखल भागात खोल काळी, नदीकाठी मळईची, एके ठिकाणी चोपण, आणि गावठाणाची पांढरी. या शेवटच्या नावाकडे मुलांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधले. गावकरी शेतीच्या भूमीस काळी आणि वस्तीच्या भूमीस पांढरी म्हणतात. ती पांढरी म्हणजे पिढ्यानपिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती, खापरे आणि हाडे यांचा ढीग. म्हणजे मनुष्याने केलेला निक्षेप. अमेरिकेतील नकाशांत शहरांतील भरावास स्वतंत्र चिन्ह असते. आमच्या खेडुतांनी तोच भेद केव्हाच करून ठेवला होता.

मग रंग भरले. माळास जागच्या जागी झिजलेल्या खडकाचा रंग, नदीकाठास नव्या गाळाचा. खोल काळीचे काय? तक्त्यात दोन ठिकाणी सारखीच नोंद होती: खोली १५० सेंटीमीटरांहून अधिक, चिकणमाती, उन्हाळ्यात रुंद भेगा. एक जागा नदीच्या जुन्या पायरीवर, दुसरी माळाच्या पायथ्याशी. इंडियानाच्या साखळीचा धडा आमच्या डोक्यात ताजा होता. सारख्या नोंदी एका रंगात बुडवाव्या, असे आम्हीच फळ्यावर लिहिले होते. दोन्ही जागांस आम्ही नदीच्या जुन्या गाळाचा रंग दिला. नकाशा सुरेख झाला. वार्षिक संमेलनात तो भिंतीवर लावला आणि त्याची वाहवाही झाली.

त्या विद्यार्थ्याच्या चुलत्यांचे शेत माळाच्या पायथ्याशी होते. त्यांनी पुतण्यास विचारले, आणि पुतण्याने अभिमानाने सांगितले की, नकाशाप्रमाणे आपल्या शेताखाली नदीचा गाळ असून तळाशी गोट्यांचा थर असावा. तेथे पाणी चांगले लागेल. चुलत्यांनी सोसायटीचे कर्ज काढून विहीर खणावयास घेतली. आम्हांस हे कळले ते काम सुरू झाल्यावर. आम्ही गेलो तेव्हा खड्ड्याच्या भिंतीवर सर्व काही स्पष्ट लिहिलेले होते. वर साडेपाच फूट काळी माती. तिच्याखाली लागलीच मुरूम. आणि मुरुमाखाली तोच काळा पाषाण. गोटे नव्हते, वाळू नव्हती, पिवळा गाळ नव्हता. गिरमिट जेथे थांबले होते त्याच्या अर्ध्या फुटाखाली आमचा नकाशा संपला होता.

चूक कोठे झाली, ते त्या रात्री तक्ता पुन्हा उघडल्यावर उमगले. खड्यांचे एक सदर होते आणि आम्ही ते वाचलेच नव्हते. नदीकडील मातीपुढे 'गोल खडे, चुनखडी' असे लिहिले होते. माळाच्या पायथ्याच्या मातीपुढे 'कोनदार खडे, मुरुमाचे'. गोल खडा दूरवरून लोळत येतो. कोनदार खडा शेजारच्या चढावरचाच असतो. म्हणजे पायथ्याची काळी माती नदीने नव्हे, तर माळावरून पावसाच्या पाण्याने थोडथोडी आणून ठेवलेली होती. काळ्या मातीचा स्वभावही आम्हांस फसविण्यास कारण झाला. ती ओली होऊन फुगते, वाळून भेगाळते, वरची माती भेगांतून खाली जाते. याप्रमाणे ती स्वतःच आपणांस नांगरते आणि थरांच्या खुणा पुसून टाकते. रंग आणि खोली पाहून तिचे गोत्र ओळखू पाहणे व्यर्थ आहे. शिवाय इंडियानात साखळीच्या सर्व कड्यांखाली द्रव्य एकच होते, ते बर्फाने आधीच अंथरलेले. आमच्या उतारावर द्रव्य स्वतःच वरून खाली सरकत आलेले आहे. तेथील नियम येथे जसाच्या तसा लावणे ही विद्यार्थ्यांची नव्हे, आमची चूक होती, आणि तसे आम्ही वर्गात सांगितले.

चुलत्यांपुढे उभे राहणे अधिक कठीण गेले. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. विहीर अडतीस फुटांपर्यंत नेली. तेथे खडकाच्या सांध्यांतून पाणी आले, पण माघ सरता सरता आटले. कर्ज मात्र आटले नाही. त्यांच्या शेजाऱ्याचे बोलणे आम्ही ऐकले होते की, शाळेच्या कागदापेक्षा पानाड्या बरा. यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरा नकाशा करताना आम्ही क्रम बदलला. प्रथम गावातील प्रत्येक जुन्या विहिरीवर जाऊन मालकास विचारावयाचे: माती किती हात, मुरूम किती, गोटे लागले का, खडक केव्हा लागला, उन्हाळ्यात पाणी किती राहते. जेथे विहिरीच्या कडा उघड्या होत्या तेथे दोर सोडून आम्ही स्वतः मोजले. जेथे बांधून काढल्या होत्या तेथे म्हाताऱ्यांच्या स्मरणावर भिस्त ठेवली, आणि अशा विहिरींस नकाशात पोकळ वर्तुळ दिले, मोजलेल्यांस भरीव. नंतर मातीचे तक्ते घेऊन दोन विहिरींच्या मधली जागा भरली. याप्रमाणे विहिरींनी खोली सांगितली आणि मातीने विस्तार सांगितला. एकटीचे काम दुसरीस जमत नाही. पायथ्याच्या काळीस आता वेगळा रंग आहे, आणि तिची नदीच्या गाळाशी असलेली सीमा तुटक रेषेने दाखविली आहे, कारण ती कोठून जाते हे अद्याप आम्ही दोनच ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले आहे. सूचीच्या खाली एक ओळ मुलांनी स्वतः घातली: 'दोन मीटरांखालील माहिती फक्त विहिरींपाशीच खरी मानावी.'

तो नकाशा चावडीत लावण्यापूर्वी आम्ही चुलत्यांस दाखविला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवून आपले शेत शोधले आणि म्हणाले, "मास्तर, माझी विहीर यात मांडा. किती फुटांवर काय लागलं ते बाजूला लिवा. म्हंजे खालचा रामोशाचा मळा घेणाऱ्याला तरी कळंल."

ती विहीर नकाशात सहाव्या क्रमांकाने दाखविली आहे: काळी साडेपाच फूट, मुरूम एकोणीस फूट, पुढे खडक, पाणी माघापर्यंत. आज तेथे तेवीस विहिरी मांडून झाल्या आहेत. नदीच्या पलीकडील काठ अजून कोरा आहे. पाऊस उघडल्यावर दहावीची मुले दोर आणि गिरमिट घेऊन तिकडे जावयाची आहेत.